आधी आमच्या पायऱ्या

यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत फुटपाथ होता, पण तो चालण्यासाठी नव्हता. तो पायऱ्यांसाठी होता. रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर पडायचा, गटार तुंबलं की पाणी घरांत शिरायचं, म्हणून लोकांनी घरांची जोती उंच घेतली होती. उंच घराला पायऱ्या लागतात. त्या आत घेतल्या तर पुढची खोली लहान होते, म्हणून सगळ्यांनी बाहेर घेतल्या. गटारावर ग्रॅनाइटच्या लांब फरश्या टाकायच्या, आमच्याकडे त्यांना चप्पडी म्हणतात, आणि त्या चप्पडीवर पहिली पायरी मांडायची. कुणाच्या पायऱ्या दोन फूट बाहेर, कुणाच्या अडीच. कुणी त्यांना लाल ऑक्साइडची घोटाई केलेली, कुणी दोन्ही बाजूंना तुळशी ठेवलेल्या. चालणारे लोक खाली रस्त्यावरून चालत, आणि त्याच रस्त्यावरून मार्केट यार्डात जाणाऱ्या कांद्या-बटाट्याच्या लॉऱ्या जात.

आमच्या पायऱ्या तीन फूट बाहेर होत्या. गल्लीत सर्वांत जास्त. हे मी स्वतः टेप लावून मोजलं होतं आणि छापलंही होतं.

छापलं होतं, कारण आमच्या घरात राग आला की छापायची पद्धत होती. अप्पा एका सरकारी कारखान्यात टर्नर होते आणि युनियनचे पत्रकलेखक होते. युनियनच्या ऑफिसात जागा नाही म्हणून सायक्लोस्टाइलचं मशीन चार दिवसांसाठी आमच्या पुढच्या खोलीत आलं होतं. ते माझ्या जन्माआधी आलं होतं. त्याच्याबरोबर वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठेही आले, आणि दर संपानंतर वाढत गेले. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सैन्याबरोबर इकडे आले. कुठल्या सैन्याबरोबर, यावर नातेवाइकांत एकमत नाही. पण घरात मराठी टिकली, आणि अप्पा पत्रकाचा मसुदा मराठीत लिहायचे, कारण राग त्यांना मराठीत यायचा. मग शांतपणे बसून ते त्याचं कन्नड करायचे.

मी वाचायला शिकले ती या गठ्ठ्यांवरून. मी स्वतःहून वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’ होता. आठव्या वर्षी मी अम्माला दुधातल्या साखरेबाबत तीन मागण्या लिहून दिल्या होत्या. दोन मान्य झाल्या. तिसरी अजून विचाराधीन आहे.

घरात देव्हारा नव्हता. अप्पा देव मानत नसत, शकुन मानत नसत, ग्रहणात जेवत. फक्त चुकून कागदाला पाय लागला तर ते वाकून तो उचलत आणि डोळ्यांना लावत. मग ते मार्केट यार्डाचं बिल असो की मालकाचं परिपत्रक. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “ही श्रद्धा नाही, सवय आहे.”

अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. दुसऱ्या वर्षी तिच्या उजव्या पायाला पोलिओ झाला. नवव्या वर्षी तिला कॅलिपर मिळालं: दोन लोखंडी दांड्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट. ते घालून ती पहिल्यांदा दारापर्यंत चालली त्या दिवशी तिने जाहीर केलं की यापुढे मला कुणी उचलायचं नाही. ही मागणी तिने लिहून दिली नव्हती, पण तिच्यावर कधी चर्चा झाली नाही. त्या वर्षी, म्हणजे मी एकोणीसची असताना, तिला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत काम लागलं. भिंगाखाली बघून सर्किटच्या पट्टीवर बारीक डाग द्यायचे. तिचा हात इतका स्थिर होता की सुपरवायझर नवीन मुलींना तिच्या मागे उभं करून दाखवायचा. तीन महिने प्रोबेशन. या तीन महिन्यांत एक दिवस जरी खाडा झाला तरी कायम करणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कंपनीची बस सहा पन्नासला सर्कलवर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही.

आता पत्रकाचं कारण. कोपऱ्यावरच्या घरात एक ताता, म्हणजे आजोबा, राहायचे. अप्पांच्याच कारखान्यातले निवृत्त फिटर. सकाळी दूध आणायला जाताना एका लॉरीचा आरसा त्यांच्या खांद्याला लागला आणि ते पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं. मी बघायला गेले तेव्हा हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, “चूक माझीच. मी रस्त्यावरून चालत होतो.”

“मग कुठून चालणार होता, ताता?”

“तेही खरंच,” ते म्हणाले आणि कॉफी प्यायले.

मला त्यांच्या खांद्यापेक्षा त्या वाक्याचा जास्त राग आला. मी त्याच संध्याकाळी बसले. पत्रकाचं नाव होतं ‘फुटपाथ कोणाचा?’ त्यात कारण होतं, विश्लेषण होतं, मागणी होती. मागणी अशी की प्रत्येक घराने आपल्या पायऱ्या आपल्या हद्दीच्या आत घ्याव्यात, आणि महापालिकेने भेदभाव न करता नियम लावावा. दुसऱ्याकडे बोट दाखवून सुरुवात करायची नाही हे अप्पांनी शिकवलं होतं, म्हणून शेवटचा परिच्छेद असा होता: ‘आधी आमच्या घरापासून. आमच्या पायऱ्या तीन फूट बाहेर आहेत, गल्लीत सर्वाधिक. त्या काढून टाकण्यास आमची पूर्ण संमती आहे.’ खाली घराचा नंबर आणि सहीची जागा.

अप्पांनी वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी थांबले. उठून बाहेर गेले, दारात उभं राहून पायऱ्यांकडे बघितलं आणि परत आले. “वाक्य चांगलं आहे,” म्हणाले. आणि त्यांनी सही केली.

मी ते अक्काला वाचून दाखवलं. ती बुटाचे पट्टे सोडत होती.

“आपल्यापण पायऱ्या?”

“आधी आपल्याच.”

“सरी,” ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे, आणि दुसरा पट्टा सोडायला लागली.

मी कन्नड केलं, स्टेन्सिल कापलं, तीनशे प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या. लोकांनी प्रेमाने घेतल्या. समोरच्या मामींनी त्याच संध्याकाळी त्यात शेंगदाणे बांधून आम्हांला पाठवले. एक प्रत मी वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घेतली.

बाराव्या दिवशी, शनिवारी, अकरा वाजता एक लॉरी, सहा माणसं आणि एक तरुण इंजिनिअर आले. इंजिनिअरच्या हातात पत्रक होतं. त्याने लाल पेनाने शेवटचा परिच्छेद अधोरेखित केला होता.

“हे तुम्ही लिहिलंय?” त्याने कन्नडमध्ये विचारलं.

“हो.”

“फार चांगलं लिहिलंय, मॅडम. आमच्याकडे कागद खूप येतात. सगळे लिहितात, शेजाऱ्याच्या पायऱ्या काढा. आमच्या काढा असं लिहिणारं घर मी पहिल्यांदा बघतोय.”

आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं. मी बाजूला झाले. पाऊण तासात तीन पायऱ्या आणि डाव्या बाजूचा लोखंडी पाइपचा कठडा निघाला; गटारावरची चप्पडी तेवढी चालण्यासाठी राहिली. सर्वांत वरची पायरी आमच्या हद्दीत होती, ती राहिली. इंजिनिअरने टेप लावून ती वाचवली, आणि मला त्याच्या काटेकोरपणाचा आदर वाटला. दगड लॉरीत गेले. पाइप वाकडा झाला होता म्हणून तो त्यांनी नको म्हटला.

“आता पुढचं घर?” मी विचारलं.

“त्यांना नोटीस द्यावी लागेल. मग ते हरकत घेतील. मग सुनावणी. तुमची लेखी संमती आहे ना, म्हणून तुमचं लगेच झालं.” त्याने पत्रक फाइलमध्ये ठेवलं. “रस्त्याच्या हद्दीत आता परत दगड-सिमेंट आलं तर मात्र दंड लागेल हं. तुम्हांला सांगायला नको.”

सांगायला नकोच होतं. ते माझ्या पत्रकात होतं.

लॉरी गेल्यावर समोरच्या मामी आपल्या अडीच फुटी पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. “काय गं लीडर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलात की!”

अम्मा दारात आली, खाली बघितलं. तिने पदर खोचला आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेली भांडी होती ती.

साडेपाचला अक्का आली.

आमचं घर रस्त्यापासून साडेसत्तावीस इंच उंच होतं. उरलेली पायरी बावीस इंचांवर होती. अक्का रस्त्यावर उभी राहिली, डबा-पिशवी खांद्यावर, आणि तिने त्या पायरीकडे बघितलं. साधारण तिच्या गुडघ्यापेक्षा वर. अप्पा पुढे झाले. तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, ते थांबले. मग तिने पाठ घराकडे केली, दोन्ही हात मागे पायरीवर टेकवले, स्वतःला वर ओढून बसवलं, डावा पाय घेतला, उजवा दांडीला धरून उचलून ठेवला आणि बसल्या बसल्या मागे सरकत उंबरा ओलांडला. गल्ली बघत होती. समोरच्या मामी आत गेल्या. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

आत आल्यावर अक्का भिंतीला टेकून बसली आणि तिने साडीला लागलेली धूळ झटकली. “सोमवारी असंच बसून उतरता येईल,” ती म्हणाली. “पण सर्कलपर्यंत बसून जायला वेळ लागेल.”

कुणी हसलं नाही. ती हसण्यासाठी थोडी थांबली होती.

त्या संध्याकाळी मला आमच्या पायऱ्यांचा इतिहास कळला. कॅलिपर आलं तेव्हा घराला तीन उंच पायऱ्या होत्या. अप्पांनी अक्काला भिंतीपाशी उभं केलं, पायाखाली विटा, पाट, वह्या ठेवत गेले आणि किती उंचीवर ती कुणाचा हात न धरता चढते ते बघितलं. साडेपाच इंच. तेवढ्या बुटक्या पायऱ्या केल्या की त्यांची संख्या वाढते. प्रत्येकीवर तो जड बूट पूर्ण मावायला हवा, म्हणून एक फूट रुंद. म्हणून उंबऱ्यासकट पाच चढ, आणि म्हणून तीन फूट बाहेर. मला वाटायचं, आमच्या पायऱ्या लांब आहेत कारण आमचं घर जुनं आहे.

“मग सही का केली?” मी अप्पांना विचारलं.

“पत्रकात चूक काय होती?” अप्पा म्हणाले. ते मलाच विचारत होते, आणि मला सापडेना.

“आणि तू? तू सरी म्हणालीस.”

“तू विचारलंस कुठे?” अक्का म्हणाली. “तू वाचून दाखवलंस.”

रविवार प्रयोगांत गेला. आधी स्टूल. ते डगमगलं. अक्काची एकच अट होती: हलता कामा नये. मग पाट एकावर एक. ते सरकले. सुताराने पंधरा दिवसांचा वायदा केला. दुपारी समोरच्या मामी स्वतः आल्या, डोक्यावर दसऱ्याच्या बाहुल्या मांडायच्या लाकडी पायऱ्या घेऊन. आमच्याकडे दसऱ्यात घरोघर अशा पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. मामींच्या पाच होत्या. त्यांच्या सासूबाईंच्या वेळच्या, बुटक्या, निळ्या रंगाच्या.

“यावर म्हैसूरचा राजा बसतो आमचा, पूर्ण दरबारासकट,” मामी म्हणाल्या. “तुझी अक्का काय जड आहे?”

मी आधी चढून बघितलं. तिसरी पायरी मोडली. दरबार मातीचा आणि वीतभर उंचीचा असतो, हे आम्ही दोघींनी लक्षात घेतलं नव्हतं. मामी तुकडे गोळा करत म्हणाल्या, “असू दे. पत्रक काढू नकोस त्यावर.”

संध्याकाळी अप्पा बराच वेळ पुढच्या खोलीत मशीनशेजारी उभे होते. मग त्यांनी एक गठ्ठा खाली ओढला आणि त्याच्यावर बोटांनी दाबलं. कित्येक वर्षं एकमेकांच्या वजनाखाली बसून ते गठ्ठे लाकडासारखे झाले होते. सुतळीने करकचून बांधलेले, फुलस्केप आकाराचे, जेमतेम पाऊण फूट रुंद आणि फुटाहून थोडे लांब. अप्पांनी दोन-तीन गठ्ठे एकावर एक ठेवले, टेप लावला, वरून काही पानं काढली. साडेपाच इंच.

“बोनसचे खाली ठेवू,” ते म्हणाले. “ते जास्त आहेत.”

सोमवारी सव्वासहाला आम्ही तिघांनी खालून सुरुवात केली. पहिली रांग बोनसची, तिच्यावर कँटीनच्या जेवणाबद्दलची, वरच्या थरात बडतर्फ कामगारांना परत घ्या. तीन गठ्ठे रुंद, तीन पायऱ्या, चौथी आमची उरलेली दगडी. मी चढून-उतरून बघितलं. अजिबात हललं नाही. कठडा म्हणून वाकडा पाइप होता. एक टोक वर अम्माने धरलं, एक खाली रस्त्यावर अप्पांनी.

“पाइप धरायला माझी हरकत नाही,” अक्का म्हणाली. “माणूस धरणार नाही.”

ती दारात आली आणि थांबली. अप्पा खालून गठ्ठ्यांकडे बघत होते. वरचा थर उघडा होता. त्यांच्याच हाताने लिहिलेली ओळ वर दिसत होती. मी बघितलं, त्यांचा मोकळा हात जरा पुढे आला आणि मागे गेला.

“अप्पा,” अक्का म्हणाली, “सगळे डोळ्यांना लावत बसलात तर बस जाईल.”

“तू ये,” अप्पा म्हणाले. “डाव्या हाताने पाइप धर. स्वल्प पुढे ठेव बूट.”

उतरताना ती अधू पाय आधी टाकायची. दगडी पायरीनंतर लोखंडी बूट बडतर्फ कामगारांवर पडला, मग डावा पाय त्याच्या शेजारी. मग कँटीन. मग बोनस. मग रस्ता. तिने पिशवी नीट केली आणि मागे न बघता सर्कलकडे गेली. आमच्या पत्रकांमुळे कुणी प्रत्यक्ष कुठे पोहोचल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

ती वळल्यावर अप्पांनी गठ्ठे उचलायला घेतले. वरचा एक उचलून त्यांनी पटकन कपाळाशी नेला. मी अम्माकडे बघत असल्याचं दाखवलं.

हे महिनाभर चाललं. सकाळी सव्वासहाला मांडायचे, ती गेली की काढायचे, संध्याकाळी सव्वापाचला परत मांडायचे, ती आली की काढायचे. चढताना ती डावा पाय आधी टाकायची, मग बूट ओढून घ्यायची, आणि दर पायरीवर सुतळी करकरायची. दुसऱ्या आठवड्यात इंजिनिअर सुनावणीच्या नोटिसा द्यायला सकाळी लवकर आला आणि आमच्या दारापाशी थबकला.

“हे काय?”

“पत्रकं.”

त्याने बुटाच्या टोकाने गठ्ठ्याला हळूच स्पर्श केला आणि लगेच हात छातीशी नेला. सवय त्यालाही होती. “कायमची आहेत?”

“सव्वासहा ते सात. आणि संध्याकाळी.”

त्याने विचार केला. “हलवता येतात ना? मग माझ्या खात्यात येत नाहीत,” तो म्हणाला. तेवढ्यात अक्का दारात आली. तो तिथेच उभा राहिला, ती खाली येईपर्यंत. त्याने तिला वाट दिली, म्हणजे तो रस्त्यावर उतरला. मग त्याने आपल्या फाइलीकडे बघितलं. त्यात माझं पत्रक होतं. “यात हे लिहिलं नव्हतं,” तो मला म्हणाला.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. हे वाक्य आमच्या घरातल्या एकाही पत्रकात नव्हतं.

अम्माने मेस्त्री शोधून आणला. आमच्याकडे गवंड्याला मेस्त्री म्हणतात. योजना अशी होती की जमिनीलगतची एक पायरी आमच्या एक फुटाच्या हद्दीत बाहेर ठेवायची आणि बाकीच्या दाराच्या आत, पुढच्या खोलीचं जोतं खोदून. मेस्त्रीने टेप लावला, भिंतीवर खडूने रेघा मारल्या आणि म्हणाला, “उंबऱ्यासकट तीन किंवा पाच. चार करणार नाही.”

“का?”

“उजवा पाय टाकून चढायला सुरुवात करायची, आत पडतो तोही उजवाच पडला पाहिजे. त्यासाठी एक, तीन, पाच. चार केल्या तर डावा पाय आत पडतो. मी अशी घरं बघितली आहेत.”

माझ्या आतलं सगळं सायक्लोस्टाइल सुरू झालं. मी त्याला सांगितलं की आमच्या घरात शकुन चालत नाहीत. मी सांगितलं की पायरीला डावं-उजवं कळत नाही. आणि मी हिशेब मांडला. तीन केल्या तर नऊ इंचांवर उंची, अशक्य. पाच केल्या तर खोलीतले तीन फूट जातात. चार केल्या तर दोनच. उंची पावणेसात-सात इंच, इंजिनिअरच्या नियमात बसते. आणि वाचलेल्या त्या एका फुटात सायक्लोस्टाइलचं मशीन राहतं. “चार,” मी म्हणाले. “मुद्दाम चार. गल्लीने बघावं.”

मेस्त्रीने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मशीनकडे बघितलं.

अक्का कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली, जमिनीवर एक गठ्ठा ठेवला, त्यावर आणखी थोडा कागद, टेप लावला. सात इंच. “बघ,” ती म्हणाली. भिंतीला हात न लावता ती त्याच्यावर चढली. आधी डावा पाय, मग कंबर वाकडी करून सगळं अंग डावीकडे टाकत तिने बूट वर ओढला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. मग ती उतरली, परत चढली. परत उतरली, परत चढली. चौथ्यांदा बुटाचं टोक गठ्ठ्याला अडकलं आणि तिने मशीन धरलं.

“चढता येतं,” ती दम खात म्हणाली. “रोज चढेन. तुझ्या मशीनशेजारून.”

मला या वेळी काहीतरी विचारायचं असतं हे कळलं होतं. “तुला किती पाहिजेत?”

“पाच.”

“पाच करा,” मी मेस्त्रीला म्हणाले.

त्याचा चेहरा फुलला. “मी सांगितलं नव्हतं? शास्त्र आहे ते.” पुढे आठवडाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की या घरातल्या नास्तिक मुलीलाही शेवटी पटलं. मी खुलासा केला नाही. मी न काढलेलं ते पहिलं निवेदन.

मशीन स्वयंपाकघरात गेलं, पिठाच्या डब्याशेजारी. उरलेले गठ्ठे मोऱ्हाण्यावर, म्हणजे स्वयंपाकघरावरच्या फळीवर. जे मावले नाहीत ते युनियनने परत नेले. चार दिवसांसाठी आलेलं सामान तेवढ्यापुरतं परत गेलं. पुढच्या खोलीत आता दोन खुर्च्या मावतात, आणि पाहुणा तिसरा आला तर तो पायरीवर बसतो. वाकडा पाइप मेस्त्रीने ठोकून सरळ केला आणि डाव्या भिंतीत पक्का बसवला. काम संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ गठ्ठे मांडणं चालूच होतं, फक्त मातीच्या ढिगाऱ्याला वळसा घालून.

काम झाल्यावर इंजिनिअर तपासायला आला. बाहेरची पायरी हद्दीत आहे हे बघितलं, मग आतली उंची मोजली आणि पुन्हा मोजली. “साडेपाच? आमच्या मापात सात इंचांपर्यंत चालतं. हे माप कुठून आणलं?”

अक्का तेव्हा घरी होती. रविवार होता. तिने बुटाच्या दांडीवर टिचकी मारली. “इथून.”

त्याने पेन काढलं, फॉर्म वर-खाली बघितला आणि पेन परत खिशात ठेवलं. त्यासाठी रकाना नव्हता. जाताना तो मात्र पाचही पायऱ्या एकदा विनाकारण चढला आणि उतरला.

अक्काचे तीन महिने एकही खाडा न होता पूर्ण झाले. कायम केल्याचं पत्र तिने डब्याच्या पिशवीतून काढून अम्माला दिलं, अम्माने ते इंग्रजी वाचता येत नसताना पूर्ण बघितलं, आणि अप्पांनी ते डोळ्यांना लावलं. ते खाली पडलेलं नव्हतं.

गल्लीतल्या बाकीच्या सुनावण्या अजून चालू आहेत. मामींनी हरकत घेतली, त्यांच्या शेजाऱ्यांनी मामींचीच हरकत उतरवून घेतली. त्यामुळे आमच्या गल्लीत चालण्यासारखा फुटपाथ आहे तो आमच्या घराच्या रुंदीएवढा. ताता बरे झाले आणि पुन्हा दूध आणायला जातात. सकाळी ते रस्त्याच्या कडेने येतात, आमच्या घरापाशी आले की फुटपाथवर चढतात, बारा-चौदा पावलं ताठ चालतात आणि शेजारच्या घराच्या पायऱ्या लागल्या की परत रस्त्यावर उतरतात. मी त्यांना एकदा म्हटलं की एवढ्यासाठी चढ-उतार कशाला करता. ते म्हणाले, “केलाय ना तुम्ही? मग वापरायला नको?”

परवा सकाळी मी दारात होते. अक्का पाइप धरून शेवटच्या पायरीवर आली आणि त्याच वेळी ताता दुधाची पिशवी घेऊन आमच्या तुकड्यावर चढले. दोघं समोरासमोर थांबले.

“जा, मगळे,” ताता म्हणाले. मुलीला कन्नडमध्ये असंच म्हणतात. “तुझी बस आहे.”

“तुम्ही आधी, ताता. मला बूट टाकायला जागा लागते.”

“मला घाई नाही.”

“मलापण दोन मिनिटं आहेत.”

दोघंही हलेनात. मागून एक पाववाला सायकल हातात धरून फुटपाथवर चढला आणि त्यांच्यामुळे अडला. त्याने घंटी वाजवली. आमच्या गल्लीत फुटपाथवर झालेली ती पहिली गर्दी. मग अक्काने बूट खाली टाकला, ताता भिंतीकडे सरकले आणि ती पुढे गेली.